विश्लेषण : नांगर विकण्यासाठी मासिक! सोलापूरच्या शंकरराव किर्लोस्करांच्या प्रयोगातून रीलच्या हिशेबाबद्दल काय कळते?

सोलापूरच्या भवानी पेठेत ज्या कारखान्यात माग चालतो, तिथेच आता रीलही शूट होते. मयूरपंखी चादर उलगडतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ हजारो जण पाहतात, शेकडो जण लाइक करतात. संध्याकाळी गल्ला मोजताना मात्र त्यात रीलचा वाटा किती, हे सांगता येत नाही. जाहिरातीवर घातलेल्या रुपयाचे किती रुपये परत आले, हा प्रश्न इन्स्टाग्रामबरोबर आलेला नाही. सोलापुरातच जन्मलेल्या एका माणसासमोर तो शंभर वर्षांपूर्वी होता. त्याच्याकडे विकायला नांगर होते आणि त्यासाठी त्याने चक्क मासिक काढले. ते शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच ‘शंवाकि’.

कोण होते शंवाकि?

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापुरात झाला. वडील वासुदेवराव सोलापुरात डॉक्टर होते. आडनाव ऐकले की आज पंप आणि इंजिने आठवतात. त्या उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे शंकररावांचे काका. लक्ष्मणरावांचे चिरंजीव आणि पुढे उद्योगसमूहाचा विस्तार करणारे शंतनुराव यांचाही जन्म १९०३ मध्ये सोलापूरचाच. (संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर वेगळे. आडनावामुळे गल्लत होते म्हणून सांगितलेले बरे.)

यंत्रांच्या घराण्यातल्या या मुलाचा ओढा होता चित्रकलेकडे. ती शिकायला ते थेट लाहोरला गेले. तिथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा स्टुडिओ होता. सातवळेकरांना आज आपण वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखतो, पण तेव्हा ते चित्रकार म्हणूनही नावाजलेले होते. त्यांच्या हाताखाली शिकून आलेला हा तरुण शेवटी स्थिरावला तो नांगर ओतणाऱ्या काकांच्या कारखान्यात. आजच्या भाषेत सांगायचे तर फाइन आर्ट शिकलेला मुलगा कंपनीच्या मार्केटिंगमध्ये लागला.

न खपलेल्या चाळीस नांगरांची गोष्ट

शंकररावांपुढचा प्रश्न समजून घ्यायचा तर काकांच्या नांगराकडे पाहावे लागते. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र असे करत ते लोखंडी नांगराकडे वळले. नांगर चांगला होता. पण पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. लोखंडी नांगर असतो हे शेतकऱ्यांना माहीत नव्हते, अशी अडचण नव्हती. त्यावर विश्वास नव्हता, ही अडचण होती. म्हणजे त्या काळी कुणी दहा हजार जणांना नांगराचे चित्र दाखवले असते, तरी गल्ल्यात फारसा फरक पडला नसता. सोशल मीडियाच्या अहवालात सर्वात वर जो ‘रीच’चा आकडा असतो, तो चित्र किती जणांपर्यंत पोहोचले एवढेच सांगतो. समोरच्याचे मत बदलले का, हे त्यात कुठेच नसते.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येते. पहिल्या महायुद्धात परदेशी माल आटला आणि देशी अवजारांना मागणी वाढली. कारखाना मोठा होऊ लागला, तसा गिऱ्हाईकही दूरदूरचा झाला. ज्याने कारखाना कधी पाहिलेला नाही, ज्याच्याशी मालकाची कधी भेट होणार नाही, अशा माणसाला माल विकायचा होता. भवानी पेठेतून गुवाहाटीला टॉवेल पाठवणाऱ्यासमोर आज नेमकी हीच स्थिती आहे.

तेव्हाचे ‘अ‍ॅनालिटिक्स’ म्हणजे टपाल

शंकररावांकडे कारखान्याच्या जाहिरातीचे काम होते. त्या काळात दूरच्या गिऱ्हाइकाचा माग काढायचे साधन एकच, टपाल. १९२२ पर्यंत पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे, नंतर त्याची किंमत अर्धा आणा झाली. माहितीपत्रक हवे असेल तर माणसाला कार्ड विकत घ्यावे लागे, लिहावे लागे, टपालपेटीपर्यंत जावे लागे. माल मागवायचा तर व्हीपी होतीच. भारतात ही सोय १८७७ मध्ये सुरू झाली. पोस्टमनला पैसे दिले की पार्सल हातात, म्हणजे आजचे कॅश ऑन डिलिव्हरी.

आलेल्या प्रत्येक कार्डामागे कुणाचा तरी वेळ आणि पैसा गेलेला असे. त्यामुळे दहा कार्डे आली तर दहा माणसांना खरोखर काहीतरी हवे आहे, असे धरून चालता येई. लाइक करायला काहीच लागत नाही, पडल्या पडल्या अंगठा हलला की झाले. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर पोस्टकार्डात संकेत जास्त आणि गोंगाट कमी होता, आता उलटे आहे.

अमेरिकेत याच सुमारास टपालाच्या या गुणाचे पद्धतशीर शास्त्र झाले. क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातकाराचे ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक १९२३ चे. प्रत्येक वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या कुपनावर वेगळी खूण छापायची, कोणत्या खुणेची किती कुपने परत आली ते मोजायचे आणि जी जाहिरात कुपने आणत नाही ती बंद करायची, अशी ती रीत. आज लिंकच्या शेपटीला जोडला जाणारा यूटीएम हा त्या खुणेचा थेट वंशज आहे. कोणत्या माध्यमातून, कोणत्या प्रकारच्या जाहिरातीतून आणि कोणत्या मोहिमेतून माणूस साइटवर आला, हे त्या शेपटीत लिहिलेले असते. यूटीएममधला ‘यू’ अर्चिन या कंपनीच्या नावातला. गूगलने २००५ मध्ये ती विकत घेतली आणि त्यातून गूगल अ‍ॅनालिटिक्स जन्माला आले.

मग मासिक कशाला?

कुपने मोजून धंदा चालत असताना जानेवारी १९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. सुरुवातीला ते कारखान्याचेच मुखपत्र होते. माल, कारखाना, गिऱ्हाईक यांच्याभोवती फिरणारे. छपाई पुण्या-मुंबईत नव्हे, माळरानावरच्या किर्लोस्करवाडीत.

जगात अशी उदाहरणे होती. अमेरिकेतल्या जॉन डिअर या नांगर कंपनीने शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक १८९५ मध्येच काढले होते आणि ते आजही निघते. टायर विकणाऱ्या मिशलिनने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी प्रवासाची मार्गदर्शिका काढली. मालाबद्दल कमी आणि गिऱ्हाइकाच्या आयुष्याबद्दल जास्त बोलायचे, म्हणजे तो आपल्याकडे परत परत येतो, हा यामागचा हिशेब. आता याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्याचे कोर्स विकले जातात.

शंकररावांनी त्यात आपली चित्रकला ओतली. ‘टाकांच्या फेकी’ ही त्यांची व्यंगचित्रे गाजली. मराठीतल्या सुरुवातीच्या व्यंगचित्रकारांत त्यांचे नाव घेतले जाते ते त्यामुळेच. उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, प्रवास असे विषय वाढत गेले. पुढे नावातली ‘खबर’ गळून पडली आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. मुखपत्राचे मासिक झाले आणि लोक वर्गणी भरून ते घेऊ लागले.

वर्गणी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या जाहिरात साहित्यासाठी कोणी खिशातून पैसे काढत नाही. वाचक वर्षाचे पैसे आधी भरतो, तेव्हा मजकुराला किंमत आहे याचा तो रोख पुरावा असतो. पुढच्या वर्षी तोच वाचक पुन्हा पैसे भरतो की नाही, हा त्याहून कडक पुरावा. आजच्या डॅशबोर्डवर ‘रिटेन्शन’ नावाचा जो तक्ता बहुतेक जण उघडतही नाहीत, तो हेच सांगतो.

‘खबर’चा परतावा महिन्याच्या महिन्याला मोजला असता तर?

समजा, आजच्या रीतीने दर महिन्याच्या शेवटी विचारले असते, की या अंकामुळे किती नांगर गेले? उत्तर बहुधा लाजिरवाणे आले असते. शेतकरी नांगर रोज घेत नाही. अंक आज वाचला, शेजाऱ्याच्या शेतात नांगर पाहिला, दोन हंगामांनी हातात पैसा आला आणि तालुक्याच्या विक्रेत्याकडे जाऊन नाव घेऊन नांगर मागितला, असा तो रस्ता. विक्रेत्याच्या वहीत ही विक्री विक्रेत्याच्या नावावर पडणार. मासिकाच्या नावावर शून्य.

याला वेब अ‍ॅनालिटिक्समध्ये अ‍ॅट्रिब्यूशन म्हणतात. म्हणजे विक्रीचे श्रेय कोणाला द्यायचे? जुनी पद्धत शेवटच्या क्लिकला सगळे श्रेय देणारी. लग्न जुळले की मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला मध्यस्थाचा मान देण्यासारखे ते आहे. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये आता आपोआप निवडली जाणारी पद्धत वेगळी आहे. खरेदीच्या आधीच्या वेगवेगळ्या टप्प्यांना ती साठलेल्या डेटावरून थोडे थोडे श्रेय वाटते. मात्र तिलाही मुदत आहे. खरेदीसारख्या घटनेसाठी ती साधारणपणे मागचे ९० दिवस पाहते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरात खात्यात तर ही मुदत सहसा क्लिकनंतर सात दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यावर एक दिवस एवढीच असते. दोन हंगाम थांबणारा शेतकरी यातल्या कोणत्याच चौकटीत बसत नाही.

मुदती वेगळ्या असल्याने आणखी एक घोटाळा होतो. एकाच ऑर्डरवर इन्स्टाग्रामही हक्क सांगते आणि गूगलही. दोन्हीकडचे आकडे बेरजेला घेतले तर महिन्याला शंभर ऑर्डरी दिसतात, कुरिअरच्या पावत्या मात्र सत्तरच निघतात. अशा वेळी खरे कोणाचे मानायचे, याचे उत्तर सोपे आहे. कुरिअरच्या पावत्यांचे.

भवानी पेठेचे गणित

आता आकड्यांवर येऊ. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण चादर विकणाऱ्याला ओळखीचे वाटेल.

समजा, महिन्यात इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर १२ हजार रुपये गेले. रील शूट आणि एडिट करणाऱ्याला ५ हजार दिले. वेबसाइटवर ६० ऑर्डरी आल्या, प्रत्येकी सरासरी ९०० रुपयांच्या. विक्री झाली ५४ हजार रुपये. जाहिरात खात्यात लगेच ठळक अक्षरात ४.५ दिसेल. १२ हजारांवर ५४ हजार, म्हणजे जाहिरातीच्या रुपयामागे साडेचार रुपयांची विक्री. या आकड्याला रोआस म्हणतात. एजन्सीवाले तो वर्तुळात दाखवतात.

पण सूत, रंग, मजुरी, शिलाई वजा जाता ९०० रुपयांच्या चादरीत मालकाकडे समजा ३० टक्के, म्हणजे २७० रुपये राहतात. कुरिअरचे ८० गेले की १९०. साठ ऑर्डरींचे झाले ११ हजार ४०० रुपये. खर्च मात्र १७ हजारांचा आहे, कारण शूटचे ५ हजार रोआसमध्ये कोणी धरलेच नव्हते. म्हणजे साडेचार पटीच्या जल्लोषात ५ हजार ६०० रुपयांचा तोटा. बरोबरीत यायलाच ९० ऑर्डरी लागतात. परत आलेले पार्सल तर अजून हिशेबात घेतलेलेच नाही.

रोआस विक्रीचा भागाकार करतो, परतावा मात्र नफ्यावर मोजायचा असतो. परताव्याचे सूत्र शाळेतल्या शेकडेवारीसारखेच आहे. नफ्यातून सगळा खर्च वजा करायचा, उरलेल्याला त्या खर्चाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. वरच्या उदाहरणात उणे ३३ टक्के येतात.

पण म्हणून जाहिरात लगेच बंद करावी का? त्याआधी एक आकडा पाहायला हवा. त्या साठांपैकी किती जण वर्षभरात जाहिरात न दाखवता परत आले? २० जण आले आणि प्रत्येकाने पुन्हा एक चादर घेतली, तर ३ हजार ८०० रुपये आणखी. तोटा १ हजार ८०० वर येतो. ३० जण परत आले तर मोहीम जवळजवळ बरोबरीत. मासिकाचा वाचक दुसऱ्या वर्षी वर्गणी भरतो का, हाच प्रश्न इथे चादरीच्या रूपात येतो.

सर्वात मोठी ऑर्डर अहवालात नसतेच

सोलापूरच्या धंद्यात आणखी एक गोम आहे. किरकोळ गिऱ्हाईक साइटवर पैसे भरेल, पण हॉटेल, हॉस्पिटल, लग्नात आहेर देणारे कुटुंब किंवा परगावचा व्यापारी साइटवर कधीच ऑर्डर टाकत नाही. तो रील पाहतो, लिंक कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि मग फोन करतो. भाव ठरतो तेलुगू, कन्नड, हिंदी किंवा मराठीत. ३०० टॉवेलांची ऑर्डर निघते आणि वेब अ‍ॅनालिटिक्सला त्याचा पत्ताही नसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडलेली लिंक कुठून आली, हे बहुतेक वेळा अ‍ॅनालिटिक्सला कळत नाही. मग तो माणूस ‘डायरेक्ट’ या रकान्यात पडतो, जणू त्याने दुकानाचा पत्ता पाठ करून टाइप केला. हा रकाना फुगलेला दिसला की नाव पसरतेय असे समजून अनेक जण खूश होतात. खरे तर ती नाव-गाव नसलेल्या पाहुण्यांची खोली असते.

यावर काही उपाय आहेत आणि ते फार तांत्रिक नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आपणच लिंक पाठवतो, तेव्हा तिला यूटीएमची शेपटी लावता येते. साइटवरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर किती जणांनी बोट ठेवले, हे अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘की इव्हेंट’ म्हणून नोंदवता येते. इन्स्टाग्रामसाठी वेगळा सवलतीचा कोड ठेवता येतो, हॉपकिन्सच्या कुपनासारखा. आणि फोन घेणाऱ्याने आमचे नाव कुठे पाहिले एवढे विचारून ऑर्डर वहीत एक रकाना भरला, तर जे कोणतेही सॉफ्टवेअर सांगणार नाही ते तिथे कळते. हा शेवटचा उपाय सर्वात स्वस्त आहे आणि सर्वात कमी वापरला जातो. आठवड्याभरात कंटाळा येतो, हे त्याचे खरे कारण.

गड्ड्याच्या यात्रेचे श्रेय रीलला?

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, थंडीही असते. चादरींचा खप वाढतो. त्याच महिन्यात जाहिरातही लावलेली असेल, तर वाढलेल्या विक्रीचा वाटा ती आपल्याकडे ओढते. अहवालात लिहिलेले खोटे नसते. माणसाने जाहिरात पाहिली होती आणि चादर घेतली होती, दोन्ही खरेच. प्रश्न एवढाच असतो, की जाहिरात पाहिली नसती तर घेतली नसती का?

हे तपासायची एक जुनी, सरळ युक्ती आहे. काही आठवडे एका जिल्ह्यात जाहिरात दाखवायची, दुसऱ्यात नाही. लातूरला चालू, धाराशिवला बंद. गेल्या वर्षीच्या याच आठवड्यांशी दोन्हीकडची विक्री ताडून पाहायची. दोन्हीकडे सारखीच वाढली असेल, तर ती वाढ थंडीची. लातूरला जास्त वाढली, तर तेवढाच फरक जाहिरातीचा. दिवसाला दोन-चार ऑर्डरी येणाऱ्या दुकानाला याचे पक्के उत्तर मिळणार नाही, आकडे फार लहान पडतात. महिन्याला काहीशे ऑर्डरी असतील तर मात्र प्रयोग करण्यासारखा आहे.

किर्लोस्करांच्या बाबतीतही ही शंका घ्यायलाच हवी. कारखाना वाढला तो मासिकामुळे, असे म्हणायचा मोह होतो. पण युद्धामुळे आटलेला परदेशी माल, नांगराचा दर्जा, औंधच्या राजाचा आधार, यातल्या कशाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. मासिकाचा वाटा होता, पण सगळे श्रेय त्याला देणे म्हणजे यात्रेच्या गर्दीचे श्रेय रीलला देणे.

मासिक मोठे झाले, नांगर मागे राहिला

१९३० मध्ये शंकररावांनी ‘स्त्री’ हे मासिक काढले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये येत होते. जातिभेद, अंधश्रद्धा, बायकांचे प्रश्न यांवर ही मासिके उघड बाजू घेत. शहरातला कारकून, शाळामास्तर, शिकलेली गृहिणी असा वाचक जोडला गेला. त्याच्याकडे ना शेत होते ना बैल.

कडक मार्केटिंगवाला इथे अडेल. नांगर विकण्यासाठी काढलेल्या मासिकाचा वाचक नांगर घेणारच नसेल, तर हा चुकीचा प्रेक्षक झाला. आजच्या एखाद्या चादरीच्या पेजचे विनोदी रील देशभर पसरले आणि फॉलोअर वाढले, पण त्यातले कोणी चादर घेत नाहीत, तसे. नांगराची जाहिरात म्हणून पाहिले तर नंतरचे ‘किर्लोस्कर’ फार उपयोगाचे नव्हते, हे मान्य करायला हवे.

फरक असा, की शंकररावांनी जाहिरात आणि मासिक यांचा हिशेब एकमेकांत लपवून ठेवला नाही. मासिक वाचकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या नावावर उभे राहिले, तो एक वेगळा धंदाच झाला. विनोदी रीलचे पेज जेव्हा चादर खपवत नाही आणि स्वतःचे पैसेही मिळवत नाही, तेव्हा ते मासिकही नसते आणि जाहिरातही. दुसरीकडे, घराघरात दर महिन्याला येणाऱ्या अंकावरचे आडनाव मराठी माणसाच्या तोंडी बसले. पंप घ्यायची वेळ आली तेव्हा ते नाव नव्याने ओळख करून द्यावे लागले नाही. यालाच ब्रँड म्हणतात आणि कोणत्याही डॅशबोर्डवर त्याचा रकाना नाही. त्याच्या जवळ जाणारा एक आकडा आहे. किती जण गूगलवर नुसते चादर असे न शोधता दुकानाचे नाव टाकून शोधतात, ते सर्च कन्सोल या मोफत साधनात दिसते. सहा महिन्यांतून एकदा तो आकडा पाहिला तरी पुरे.

अखेरची वर्षे

शंकररावांनी पुढची अनेक दशके संपादनात घालवली. मासिकांचा कारभार किर्लोस्करवाडीहून पुण्याला हलला. १९७४ मध्ये त्यांचे ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या उत्पादनासाठी ‘खबर’ निघाली होती, त्या बैलांच्या लोखंडी नांगराची जागा तोवर बऱ्याच शेतांत ट्रॅक्टरने घ्यायला सुरुवात केली होती. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या तीन नावांची पहिली अक्षरे जोडून झालेला ‘किस्त्रीम’ हा अंक मात्र त्यानंतरही दिवाळीला निघत राहिला.